किटो ते ग्वांगो : इक्वाडोरमध्ये हमिंगबर्डच्या मागे

शनिवार, किटो

इक्वाडोरच का, हा प्रश्न निघायच्या आधी इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी उत्तर पाठच करून ठेवलं होतं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात सापडतात, आपल्याकडे नाहीत, आफ्रिकेत नाहीत, कुठेच नाहीत. जगात साधारण ३६० जाती, आणि त्यातल्या १३० च्या आसपास एकट्या इक्वाडोरमध्ये, जो देश आकाराने महाराष्ट्रापेक्षाही थोडा लहान आहे. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "अगं पण आमच्या बाल्कनीत तर रोज येतो की हमिंगबर्ड!" तो शिंजीर हो. आणि संध्याकाळी सदाफुलीसमोर तरंगत असतो तो बहुतेक वेळा हॉकमॉथ, म्हणजे चक्क पतंग.

मुंबई-ॲमस्टरडॅम-किटो असा प्रवास, हाडं खिळखिळी. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नवरा, आणि न्यू जर्सीहून माझा मावसभाऊ. त्याला मी दादाच म्हणते, त्यामुळे इथेही दादाच. दादाच्या घरामागे अंगणात साखरपाण्याचा फीडर टांगलेलाय आणि त्यावर येणारी जात एकच, रूबी-थ्रोटेड, कारण अमेरिकेच्या पूर्व भागात वीण घालणारी जातच ती एक. तीन ग्रॅमचा पक्षी मेक्सिकोचं आखात ओलांडून जातो-येतो हे तो गेली कित्येक वर्षं प्रत्येक फोनवर सांगतो. नवरा कॉलेजात बॉटनी शिकवतो, त्याला पक्ष्यांचं फार पडलेलं नाही, त्याला फुलं बघायचीत. मला फोटो हवेत. तिघांची तोंडं तीन दिशांना, आणि ट्रिपभर हाच वाद.

किटो २,८५० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या दुपटीहून जास्त. पायऱ्या चढताना धाप लागते, डोकं जड होतं, त्यामुळे पहिला दिवस नुसतं पाणी पिणं आणि हळूहळू चालणं एवढाच कार्यक्रम ठेवला होता. पण हॉटेलच्या मागच्या चिमूटभर बागेत चहा घेऊन बसले आणि समोरच्या तारेवर एक पक्षी येऊन टेकला, अंग अंगठ्याएवढं आणि शेपूट अंगापेक्षा कितीतरी लांब. ब्लॅक-टेल्ड ट्रेनबेअरर. पुस्तकात बघून मला वाटलं होतं याच्यासाठी डोंगर चढावे लागतील, आणि हा शहरात, गाड्यांच्या आवाजात, विजेच्या तारेवर. कॅमेरा अर्थातच बॅगेत, बॅग खोलीत, खोली वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावर धावत जायची त्या उंचीवर कुणाची टाप नव्हती.

रात्री लोक्रो दे पापा खाल्लं, बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि ॲव्होकाडो. शाकाहारी माणसाला या देशात तारणारा पदार्थ हाच. सोबत आही नावाचा मिरचीचा सॉस देतात, तो जरा बरा लागतो म्हणेपर्यंत नवऱ्याने अख्खी वाटी संपवली.

रविवार, यानाकोचा

पहाटे गाईड आला. तरुण मुलगा, इंग्लिश बेताचं, पण आवाज ऐकून पक्षी सांगतो. तो हमिंगबर्डला स्पॅनिशमधलं कोलिब्री म्हणत नाही, किंदे म्हणतो, केचुआ भाषेतनं आलेलं नाव, आणि दोन दिवसांत आम्ही पण किंदेच म्हणायला लागलो.

पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर ३,५०० मीटरच्या आसपास यानाकोचाचं राखीव जंगल आहे, होकोतोको फाउंडेशनचं. वाट सपाट आहे, म्हणून चालवतं, नाहीतर त्या उंचीवर ट्रायपॉड खांद्यावर घेऊन चढ चढायचा म्हणजे नाकी नऊ. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना. वाटेवर फीडर टांगलेत आणि समोर बाक.

पहिला आला तो ग्रेट सफायरविंग. मोठा, निळ्या पंखांचा, आणि इतक्या सावकाश पंख मारतो की पंख डोळ्याला दिसतात, गुंजारव वगैरे काही नाही. मग बफ-विंग्ड स्टारफ्रंटलेट, टायरियन मेटलटेल, आणि पफलेग. पफलेगच्या दोन्ही पायांना पांढऱ्या पिसांचे गुच्छ असतात, बसला की कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे दिसतात. यातला ब्लॅक-ब्रेस्टेड पफलेग म्हणजे किटो शहराचं मानचिन्ह, जगात जवळजवळ फक्त याच डोंगराच्या आसपास उरलाय. तो आम्हाला दिसला नाही. गाईड म्हणाला वर्षातले काही महिनेच तो या उंचीवर येतो, आणि आला तरी समोर येऊन बसेल याची खात्री नाही.

आणि मग स्वोर्ड-बिल्ड. फोटो शेकड्यांनी बघितलेत तरी समोर बघून विश्वास बसत नाही. चोच साधारण १० सेंटीमीटर, म्हणजे शेपूट सोडली तर उरलेल्या अंगापेक्षा लांब. फांदीवर बसताना चोच वर आभाळाकडे करून बसतो, नाहीतर तोल कसा सांभाळणार. बाकीचे पक्षी चोचीने पिसं साफ करतात, याची चोच स्वतःच्या अंगापर्यंत वळतच नाही, त्यामुळे हा सगळी सफाई पायाने करतो. मी ते बघितलं, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने मानेजवळ खाजवत होता, आणि एवढा वेळ ती भली मोठी चोच इकडून तिकडे झुलत होती.

फीडरवर त्याला येताना बघणं मात्र थोडं विचित्र वाटतं. एवढी लांब चोच, आणि समोर लाल प्लास्टिकचं दीड बोट खोल भोक. लांबूनच तरंगत चोचीचं टोक आत घालतो. नवरा मागून म्हणाला, "याची चोच ज्या फुलासाठी झालीय ते फूल कुठाय?" गाईडने सांगितलं, रानातल्या कृष्णकमळाच्या वेली आणि धोत्र्याच्या जातीची लोंबती लाल फुलं. त्या दिवशी दोन्हीपैकी काहीच बहरलेलं नव्हतं. नवरा खट्टू. मी आपली फीडर काढून टाकता येईल अशा अँगलने फोटो काढत बसले.

दुपारनंतर जुन्या नोनो-मिंदो रस्त्याने खाली उतरलो. या रस्त्याला पासेओ देल किंदे असंच नाव आहे. तासाभरात हजारेक मीटर उतरतो आपण आणि गंमत म्हणजे सकाळच्या यादीतला जवळजवळ एकही पक्षी खाली नाही. उंची बदलली की सगळी मंडळी बदलतात. एवढ्याशा देशात एवढ्या जाती मावतात त्या अशा, एकावर एक मजले चढवून.

सोमवार, टांडायापा खोरं

इथे ढग झाडांतनंच फिरतात. प्रत्येक फांदीवर शेवाळ, ऑर्किड, ब्रोमेलियाड. लॉजच्या व्हरांड्यात फीडरची रांग आणि तिथे जो गोंधळ चालतो तो फोटोत कधीच येत नाही. कानाजवळून भुर्रकन काहीतरी जातं, दोघं हवेत छातीला छाती लावून भांडतात, तिसरा तेवढ्यात पिऊन घेतो. बफ-टेल्ड कोरोनेट हा इथला दादा (माझ्या दादाला हे वाक्य आवडलेलं नाही). तो येऊन बसला की क्षणभर दोन्ही पंख वर उभे धरतो आणि मग मिटतो, त्या क्षणाचा फोटो मिळाला तर पंखाखालचा तांबूस रंग दिसतो.

व्हायलेट-टेल्ड सिल्फ, गॉर्जेटेड सनएंजल, ब्राउन इंका, पर्पल-थ्रोटेड वुडस्टार. वुडस्टार इतका बारीक आणि इतक्या संथ, सरळ रेषेत उडतो की मोठे पक्षी त्याला भुंगा समजून सोडून देतात, निदान आमचा गाईड तरी असंच म्हणतो, आणि खरंच कोरोनेटच्या नाकाखाली तो आरामात पीत होता. रॅकेट-टेलचा नर सगळ्यांचा लाडका, शेपटीच्या दोन काड्या आणि टोकाला निळ्या चकत्या. त्या चकत्या वेगळ्याच हलत असतात, त्यामुळे फोकस डोळ्यावर आणि चकत्या ब्लर, किंवा उलटं.

आज सगळं नुसत्या उजेडात काढलं, फ्लॅश नाही. शटर १/३२०० सेकंदाहून जलद ठेवलं तरी पंख थोडे पुसटच येतात, छोट्या जाती सेकंदाला पन्नास-साठ-सत्तर वेळा पंख मारतात. ढगाळ जंगलात एवढा शटर म्हणजे आयएसओ, कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, आभाळाला, फोटोत दाणेच दाणे. पण मला ते पुसट पंख आवडतात, पक्षी उडतोय असं तरी वाटतं.

रंगाचं एक सांगायलाच हवं. सनएंजल समोर बसला होता, गळा काळाकुट्ट. मी दादाला म्हणाले, "हा वेगळा दिसतोय." तेवढ्यात त्याने मान जराशी वळवली आणि गळा पेटलाच, जांभळा-गुलाबी, आणि पुन्हा वळवली की काळा. हा रंग रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या आत मेलॅनिनच्या चपट्या चकत्यांचे थर असतात, चकत्यांमध्ये हवेचे बारीक बुडबुडे, आणि प्रकाश त्या थरांवरनं परततो तेव्हा ठराविक कोनातच रंग दिसतो. म्हणजे फोटोग्राफरने कितीही महागडी लेन्स आणली तरी शेवटी मान कुठे वळवायची ते पक्षी ठरवणार. आणि पक्ष्याला दिसणारे रंग आपल्याला दिसत नाहीत ते वेगळंच, २०२० मध्ये कोलोराडोत मेरी कॅसवेल स्टॉडर्ड आणि तिच्या टीमने रानातल्या हमिंगबर्डवर प्रयोग करून दाखवलं की हिरवा आणि हिरवा-अधिक-अतिनील हे त्यांना वेगवेगळे रंग म्हणून ओळखता येतात. आपल्या फोटोत दोन्ही हिरवेच.

मंगळवार, मल्टी-फ्लॅश

ज्यासाठी मी दोन वर्षं पैसे साठवले तो दिवस. हे प्रकरण ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळे फीडर काढून ठेवतात, फक्त एक ठेवतात. तोही थोड्या वेळाने काढतात आणि त्या जागी एक फूल क्लॅम्पला लावतात. फुलात इंजेक्शनच्या सिरिंजने साखरेचं पाणी भरायचं, एक भाग साखर चार भाग पाणी, रंग-बिंग काही नाही. फुलाभोवती पाच-सहा फ्लॅश, वर, खाली, बाजूला, दोन मागच्या बॅकग्राउंडवर. बॅकग्राउंड म्हणजे खरं जंगल नव्हे, ब्लर जंगलाचा छापलेला फोटो! कारण या पद्धतीत बाहेरचा उजेड फोटोत जवळजवळ येतच नाही, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक बारीक, एफ ११-१६, आणि आयएसओ कमी, त्यामुळे मागे काही ठेवलं नाही तर काळी रात्र दिसते.

पक्षी गोठतो तो शटरमुळे नाही. शटर आपलं १/२०० च असतं. फ्लॅशची पॉवर १/१६ किंवा १/३२ वर आणली की तो पेटून विझायला सेकंदाचा दहा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात पंख हलायला सवडच मिळत नाही. ही कल्पना जुनी आहे. १९५० च्या दशकात क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट नावाचा माणूस, जो तेव्हा ड्यूपॉन्टसारख्या अवाढव्य कंपनीचा अध्यक्ष होता, स्वतःची हाय-स्पीड फ्लॅशची यंत्रणा घेऊन दक्षिण अमेरिकाभर हमिंगबर्ड काढत फिरला. नुसते फोटो काढून थांबला नाही, सहकाऱ्यांबरोबर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पिसं घालून तो वरचा रंगाचा मामलाही १९६० मध्ये मांडला. कंपनी चालवून उरलेल्या वेळात!

तर बसले स्टुलावर, हातात रिमोट. बघून दाबायचं म्हटलं तर पक्षी गेलेला असतो, त्यामुळे तो येतोय असा आवाज आला की दाबायचं. दहातल्या आठ फोटोंत रिकामं फूल किंवा नुसती शेपूट. पण जे मिळाले ते बघून ओरडलेच. सिल्फच्या पंखाचं एकेक पीस सुटं दिसतंय, आणि एका फोटोत जीभ बाहेर, टोकाला दुभागलेली, केसासारखी.

या जिभेबद्दल १८३३ पासून असं मानत आले होते की बारीक नळीत पाणी आपोआप चढतं तसा मध जिभेत चढतो. २०११ मध्ये कोलंबियाचा आलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी हाय-स्पीड व्हिडिओ काढून दाखवलं की तसं नाहीच. जिभेची दोन टोकं मधात गेली की झालरीसारखी उलगडतात आणि बाहेर येताना मिटून मधाला आत कोंडतात, आणि हे पक्ष्याला काही कष्ट न पडता होतं. पुढे २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की चोचीतून बाहेर पडताना चपटी झालेली जीभ मधाला लागताच फुगते आणि पंपासारखा मध ओढून घेते. फोटो आणि अभ्यास हे दोन वेगळे छंद आहेत असं मला वाटायचं, पण इथे व्हिडिओ नसता तर कळलंच नसतं.

नवरा इतका वेळ गप्प बसून माझ्या क्लॅम्पवरच्या फुलाकडे बघत होता. लालभडक, मोठं, देखणं. "हे टॉर्च जिंजर आहे," तो म्हणाला, "हे मूळचं आग्नेय आशियातलं. या पक्ष्याच्या सात पिढ्यांनी हे रानात बघितलेलं नाही." लॉजचा मालक हसला, म्हणाला फोटोत छान दिसतं, सगळ्यांना हेच हवं असतं. आणि खरंय, मलाही हेच हवं होतं. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला तो गेलाच नाही. इंटरनेटवर जे हमिंगबर्डचे चकाचक फोटो आपण बघतो त्यातल्या किती फोटोंत पक्षी खरा, पंख खरे आणि फूल मात्र भाड्याचं? शोभेसाठी ठीक, पण कुणी उद्या ते बघून लिहिलं की हा पक्षी या फुलावर जातो, तर? माझं मत असं की फोटोखाली लिहावं, सेट-अप आहे म्हणून. फीडरचा फोटो आपण फीडर दाखवून टाकतोच की. यावर दादाशी कडाक्याचं भांडण झालं, त्याच्या मते सौंदर्य ते सौंदर्य.

बुधवार, मिल्पे

मिंदोच्या खाली, साधारण १,१०० मीटर. उकाडा सुरू, घाम, डास, अगदी कोकणात आल्यासारखं बरं वाटलं. फीडरवर व्हाइट-नेक्ड जॅकोबिनची गर्दी, निळं डोकं, पांढरं पोट, मानेवर पांढरा पट्टा. सगळे नरच कसे, असं दादाने विचारलं. नसतातच सगळे नर. २०२१ मध्ये जे फॉक या शास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा पनामातला अभ्यास आला, त्यात या जातीच्या मोठ्या माद्यांपैकी जवळजवळ वीस टक्के माद्या नरासारख्याच रंगाच्या निघाल्या. लहान पिल्लं तर सगळीच नरासारखी दिसतात, पुढे बहुतेक माद्यांचा रंग बदलतो आणि काहींचा बदलत नाही. फायदा काय, तर इतर पक्षी त्रास कमी देतात आणि फीडरवर निवांत जास्त वेळ पिता येतं. दादा खूप वेळ त्या गर्दीकडे बघत राहिला, यातली बाई कोण ते शोधत.

खालच्या जंगलात गाईडने हर्मिटचा अड्डा दाखवला. हर्मिट म्हणजे तपकिरी, वाकड्या चोचीचे, अंधाऱ्या झुडपांत राहणारे. फोटोवाले यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. नर एका ठरलेल्या जागी जमतात, प्रत्येकाची काडी ठरलेली, आणि तिथे बसून तासन् तास एकच स्वर, चिक, चिक, शेपूट हलवत. आवाज कानाशी पण पक्षी दिसेना, दिसला तेव्हा गुडघ्याच्या उंचीवर हातभर अंतरावर होता. हे कोरोनेटसारखे एका झाडावर मालकी सांगत बसत नाहीत, लांब लांब पसरलेल्या हेलिकोनियाच्या फुलांची फेरी लावतात, दूधवाल्याची लाईन असते तशी नाही का, असं नवरा म्हणणार होता पण दादाने मध्येच खेकडा बघितला आणि विषय गेला.

गुरुवार, एकाच झुडपापुढे

धो धो पाऊस. टांडायापाला परत आलोय. फ्लॅश बंद, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत, आणि नवऱ्याचा दिवस उजाडला. पावसाने जरा दम घेतल्यावर त्याने आम्हाला वाटेच्या कडेच्या एका झुडपापुढे बसवलं. पालिकोरिया. कॉफीच्या कुळातलं, दांडे लाल-केशरी, फुलं बारीक पिवळी. आपल्याकडे सोसायट्यांच्या कुंपणाला हमेलिया लावतात ना, लाल नळीची फुलं, जिच्यावर शिंजीर तुटून पडतात, ती याच कुळातली आणि ती पण मूळची इकडचीच, अमेरिकेची. आपल्या शिंजीराने परक्या फुलाशी जमवून घेतलं, इतकंच.

त्याने वही काढली, वेळ लिहायची, कोण आलं, किती फुलांना तोंड लावलं, बसून प्यायलं की तरंगून. मला वाटलं होतं दहा मिनिटांत कंटाळेन. आणि खरंच पहिला अर्धा तास काही आलं नाही. फीडरवर मिनिटाला जेवढे पक्षी येतात तेवढे इथे अख्ख्या सकाळीत येत नाहीत. मग स्पेकल्ड हमिंगबर्ड आला, साधा, तपकिरी, फीडरवर ज्याच्याकडे मी बघितलंही नव्हतं. प्रत्येक फुलात चोच घालत खालून वर गेला. मध्येच थांबून हवेतला एक बारीक किडा टिपला. लोकांना वाटतं हे नुसत्या मधावर जगतात, पण प्रोटीनसाठी किडे, कोळी लागतातच. थोड्या वेळाने त्याच वाटेने पुन्हा. मग एक कोरोनेट आला आणि त्याने याला हाकलला, पण स्वतः दोनच फुलं चाखून फीडरकडे गेला!

नवऱ्याने खाली पडलेलं एक हेलिकोनियाचं फूल उघडून भिंगाखाली धरलं आणि मला बोलावलं. आत ठिपक्याएवढे माइट, कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव, पळत होते. हे फुलात राहतात, मध-पराग खातात, आणि एका फुलातून दुसऱ्या फुलात जायचं तर हमिंगबर्डच्या नाकपुडीत बसून जातात. पक्षी फुलाशी असतो तो एक-दोन सेकंद, तेवढ्यात चोचीवरनं पळत नाकापर्यंत पोचायचं, आणि पुढच्या फुलाशी हेच आपलं फूल का ते ओळखून उतरायचं. रॉबर्ट कोलवेल या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून यांच्यावर काम केलंय. मी माझे परवाचे सगळे मल्टी-फ्लॅशचे फोटो शंभर टक्के झूम करून नाकपुड्या तपासल्या. काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं म्हणा, भाड्याच्या फुलात माइट कुठनं येणार.

गाईड म्हणाला की याच पिचिंचाच्या उतारांवर स्वित्झर्लंडच्या डब्ल्यूएसएल संस्थेच्या कॅथरीन ग्रॅहमच्या प्रकल्पात वेगवेगळ्या उंचीवरच्या जंगलांत फुलांसमोर टाइम-लॅप्स कॅमेरे लावून ठेवले होते, आवेस इ कोन्सेर्वासियोन या इक्वाडोरच्या संस्थेबरोबर. कॅमेरा ठराविक वेळाने आपला फोटो काढत राहायचा, बहुतेक फोटोंत नुसतं हलणारं फूल. ते लाखांनी फोटो चाळून कोणता पक्षी कोणत्या फुलावर याचं जाळं मांडलं. सुंदर फोटो एकही नाही. मला हे ऐकून हेवा वाटला.

शुक्रवार, अंतिसाना

पुन्हा वर, चार हजार मीटरच्या पुढे. झाडं संपतात, पारामो, म्हणजे अँडीजमधलं उंचावरचं गवताळ रान, सुरू होतं, वारा असा की ट्रायपॉडला दगड बांधावा लागतो. समोर अंतिसाना, ५,७०० मीटरहून उंच, बर्फाने भरलेला. १८०२ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट इथे येऊन राहिला होता, ते घर अजून आहे.

वाटेत कड्यासमोरच्या एका खानावळीच्या फीडरवर जायंट हमिंगबर्ड. हमिंगबर्डमधला सगळ्यात मोठा, वीस ग्रॅमच्या आसपास, उडताना पंख मोजता येतील इतका सावकाश. आपल्या पाकोळीसारखा वाटला उडताना. २०२४ मध्ये शोध लागला की याला आपण एक जात समजत होतो त्या दोन आहेत. चिलीत वीण घालणारी दक्षिणेकडची जात हिवाळ्यात कुठे जाते ते कुणाला ठाऊक नव्हतं. पाठीवर चिमुकले ट्रॅकर लावल्यावर कळलं की ती थेट पेरूच्या अँडीजमध्ये चढते, जाऊन-येऊन ८,००० किलोमीटरहून जास्त, आणि तिथे आपल्या जुळ्या दिसणाऱ्या उत्तरेकडच्या जातीत मिसळून जाते. इक्वाडोरमधली ती ही उत्तरेकडची, कायम इथेच राहणारी.

वर चुकिरागाची झुडपं, काटेरी, केशरी फुलं. आणि त्यावर चिंबोरासो हिलस्टार, जांभळं डोकं, पांढरं पोट. इथे कुणी फीडर लावलेला नाही. तो फुलापुढे तरंगत नाही, फुलाला पायांनी धरून बसून पितो. हवा विरळ, तरंगणं महागात पडतं. वाऱ्यात झुडूप गदगदा हलतंय आणि हा त्याला लटकून एकेक फूल संपवतोय. मी गवतात पोटावर पडून फोटो काढले, बोटं बधिर, बॅटरी थंडीने अर्ध्यावर. ट्रिपमधले माझे सगळ्यात आवडते फोटो हेच. पंख मिटलेले, पिसं विस्कटलेली, चोचीवर परागाचा पिवळा डाग.

रात्री इथे पाणी गोठतं, मग पाच-आठ ग्रॅमचं हे पाखरू जगतं कसं? रात्री शरीर जवळजवळ बंद करून टाकतात, टॉर्पर म्हणतात त्याला. पेरूच्या अँडीजमध्ये ब्लॅक मेटलटेल या जातीचं रात्रीचं तापमान ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरलेलं मोजलंय, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. सकाळी थरथरत पुन्हा गरम होतात आणि कामाला लागतात. दादा म्हणाला, "माझं पण सोमवारी असंच होतं."

शनिवार, ग्वांगो

पापायाक्ताची खिंड ओलांडून अँडीजच्या पूर्वेला उतरलो, २,७०० मीटर, नदीकाठी लॉज. पूर्व बाजू म्हणजे पुन्हा नवी यादी, लाँग-टेल्ड सिल्फ, टूर्मलिन सनएंजल, चेस्टनट-ब्रेस्टेड कोरोनेट. फीडरवर स्वोर्ड-बिल्ड होताच, आणि मी कॅमेरा लावतच होते तर नवरा नदीच्या वाटेने गायब. थोड्या वेळाने गाईड धापा टाकत आला, "सिन्योरा, चला!"

कुंपणाशी ग्वांतोचं झाड, धोत्र्याच्या जातीचं, लाल-पिवळी वीतभर फुलं खाली लोंबणारी. आम्ही तिघं आणि गाईड, चिखलात उभे. काही फुलांच्या देठाजवळ बारीक भोकं होती, ती फ्लॉवरपिअर्सरची करामत, हा वाकड्या चोचीचा चोर फुलाला बाहेरूनच भोक पाडून मध पितो आणि परागाचं काम काहीच करत नाही. बराच वेळ गेला, रिमझिम सुरू झाली, दादाची चुळबुळ. आणि तो आला. फुलाच्या खाली तरंगत उभा राहिला, चोच वर केली आणि ती आख्खीच्या आख्खी आत गेली, डोळ्यांपर्यंत, कपाळ फुलाच्या तोंडाला टेकलं. बाहेर आला तेव्हा कपाळावर पराग. पुढच्या फुलाकडे गेला, तेच.

उजेड नव्हता, मधे फांदी होती, पावसाचे थेंब लेन्सवर. एकच फोटो धड आलाय आणि त्यातही पक्ष्याचं तोंड अर्थातच फुलात आहे. नवऱ्याने मागितला, म्हणाला वर्गात दाखवायला हवाय.

परतीच्या वाटेत पापायाक्ताच्या गरम पाण्याच्या कुंडात तासभर पडून राहिलो, मग किटो, मग विमानतळ. दादाच्या अंगणातले रूबी-थ्रोटेड आता एप्रिलच्या शेवटापर्यंत परत येणार नाहीत, पण त्याने विमानतळावरच फॅमिली ग्रुपवर माझा टॉर्च जिंजरवाला सिल्फ टाकून दिला, खाली काहीही न लिहिता. त्यावर अजून बदामांचा पाऊस पडतोय. ग्वांतोचा फोटो मी टाकला तर मावशीने विचारलं, "पक्षी कुठाय यात?"